मुलाखतीस जाण्यापूर्वी

मुरूड तालुक्यातील काशीद येथे, पर्यटकांवर चालणाऱ्या एखाद्या हॉटेलात नोकरी मागणाऱ्या उमेदवारास ‘संतप्त ग्राहकाशी कसे वागाल?’ असे न विचारता ‘पूर्वी कसे वागलात?’ असे विचारले, तर त्या प्रश्नामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये विशद केलेली, निर्णायक प्रसंगांतील प्रत्यक्ष वर्तन पारखण्याची पद्धती आहे, हे ध्यानी ठेवावे. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर द्यावे. विस्तार मात्र कृतीचाच करावा. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर ज्याने वाडीतील कोसळलेली झाडे हटविण्यासाठी माणसे जमविली, गरजूंची यादी करून शिधा नीट वाटला, त्याच्यापाशी कर्तबगारीचा सबळ दाखला आहे. तो पगारी नोकरीतला नाही म्हणून गौण लेखणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. तथापि ‘आम्ही’ केलेल्या कामातून ‘मी’ केलेले स्पष्टपणे निराळे काढावे. अपयशाविषयी विचारल्यास ते न झाकता, त्यानंतर कामाची रीत कशी बदलली तेही सांगावे. असे पाच-सहा प्रसंग तपशिलासह टिपून घ्यावेत आणि घरातील कोणास तरी समोर बसवून, पाठांतर न करता, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटांत सांगून पाहावेत.