समासातले प्रेम

कादंबरीतला नायक पोटासाठी काय करतो, ही चौकशी आपण मराठी वाचकांनी फारशी कधी केली नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना पगार, बढती, स्वतःची जागा, गावाकडची वाटणी, सारे खोदून खोदून विचारणारे आपण, पण ना. सी. फडक्यांचा नायक मोटार घेऊन निघाला, की पेट्रोलचे पैसे कुठून आले, असे कोणाच्या मनातही येत नसे. तो प्रोफेसर असला तरी त्याच्या तासाची घंटा आपल्याला क्वचितच ऐकू यायची. नायिकेचे तर विचारूच नका. ती बी. ए. असायची, पण तिची पदवी तिच्या पातळाच्या रंगासारखी, शोभेपुरती. खांडेकरांची माणसे काम करीत, नाही असे नाही. पण ते काम म्हणजे ध्येय असायचे. ठरलेल्या वेळी गाडी गाठायची, साहेबाची बोलणी खायची आणि तरीही त्या कामावर जीव टाकायचा, असली साधी नोकरी प्रेमकथेच्या उंबऱ्याबाहेर चपलांपाशीच थांबत असे.

फडक्यांवर राग धरून मी हे लिहीत नाही. परकराच्या वयात त्यांच्या कादंबऱ्या मीही उशीखाली ठेवून वाचल्या आहेत. आठवण झाली ती या पावसाळ्यात वाचलेल्या एका इंग्रजी कादंबरीमुळे. ‘बुक लव्हर्स’ तिचे नाव. एमिली हेन्री ही तिची अमेरिकन लेखिका. पुस्तक निघाले २०२२ साली. आमच्या धाकट्या मुलीने ते माझ्या हाती दिले. ती मुंबईत एका इंग्रजी प्रकाशनसंस्थेत संपादनाचे काम करते. मी स्वतः तीस वर्षे गिरगावात मुद्रिते तपासली. शिशाच्या खिळ्यांपासून संगणकावरच्या जुळणीपर्यंतचे सारे स्थित्यंतर लाल शाईचे पेन हातात धरून पाहिले. तेव्हा पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसांची प्रेमकथा म्हटल्यावर ती आमच्या घरात वाचली जाणार हे ठरलेलेच. ‘‘प्रकाशकांची प्रेमकथा?’’ आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘‘प्रेम कोणावर? कागदाच्या भावावर?’’

खारघरला पावसाळ्यात वाचन फार सुखाचे होते. समोर डोंगर हिरवागार होतो, त्याच्या अंगावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात, आणि पांडवकड्याकडे धावणाऱ्या हौशी मंडळींना पोलीस अडवीत असले, तरी गॅलरीत खुर्ची टाकून बसणाऱ्याला कोणी अडवीत नाही. शिवाय सकाळी सात ते नऊ या वेळात आमची इमारत निम्मी रिकामी होते. पाठीला पिशवी, कानात त्या दोऱ्या, हातात डबा, अशा मुली एकामागून एक जिना उतरतात. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून कोणी तिने जातात, कोणी रिक्षाने स्टेशन गाठतात. पण पुढे हार्बरच्या गाडीत सव्वा तास उभे राहणे बहुतेकींच्या नशिबी आहेच. या मुली संध्याकाळी परत येतात तेव्हा दमलेल्या असतात हे खरे. पण कित्येकींच्या चेहऱ्यावर आज एखादे काम फत्ते केल्याचा जो उजेड असतो, तो मी ओळखते. त्या उजेडाला आपल्या प्रेमकथांत जागा मिळाली नव्हती.

या पुस्तकात ती मिळाली आहे. नायिका नोरा स्टीफन्स न्यूयॉर्कमध्ये लेखकांची प्रतिनिधी आहे. हा धंदा आपल्याकडे जवळजवळ नाहीच, म्हणून दोन शब्द सांगते. मराठीत लेखक बाड काखोटीला मारून थेट प्रकाशकाच्या पायऱ्या चढतो. तिकडे मोठे प्रकाशक बहुधा तसे बाड हातातही घेत नाहीत. लेखकाच्या वतीने ही प्रतिनिधी मंडळी ते योग्य संपादकाकडे नेतात, किमतीची घासाघीस करतात, करारातले कलम न् कलम तपासतात आणि लेखकाच्या मिळकतीतले साधारण शेकडा पंधरा टक्के स्वतः घेतात. नोरा या कामात इतकी पटाईत, की तिला तिच्या पाठीमागे शार्क मासा म्हणतात. कायम नीटनेटकी, उंच टाचांची, फोन कधी न चुकविणारी. जुन्या प्रेमकथेत अशी बाई कोण असते? ती असते नायकाची आधीची. नायक कामासाठी लहान गावात जातो, तिथे त्याला फुलांच्या ताटव्यात उभी असलेली साधीभोळी मुलगी भेटते, आणि शहरातल्या त्या कोरड्या बाईला तो फोनवरून कळवून टाकतो, की आता मी परत येत नाही. वाचक टाळ्या वाजवितो. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला काय झाले, हे कोणी विचारीत नाही. एमिली हेन्रीने तेवढेच विचारले आणि तिथून कादंबरी सुरू केली. नोराच्या वाट्याला असला फोन एकदाच आलेला नाही!

नोराची गर्भार धाकटी बहीण लिबी तिला ऑगस्ट महिनाभर नॉर्थ कॅरोलिनातल्या सनशाईन फॉल्स या गावी घेऊन जाते. हेतू असा, की ताईलाही एखादा रांगडा शेतकरी भेटावा आणि तिने जरा सैल व्हावे. भेटतो मात्र चार्ली लास्त्रा. न्यूयॉर्कचाच, संपादक, तिच्याइतकाच तिखट. दोन वर्षांपूर्वी नोराने याच गावावर बेतलेली कादंबरी त्याच्यापुढे ठेवली होती आणि त्याने ती तोंडावर नाकारली होती. गाव त्याचे जन्माचे. वडील आजारी, म्हणून आईवडिलांचे पुस्तकांचे दुकान सांभाळायला तो आलेला. आणि योगायोग असा, की त्याच लेखिकेच्या नव्या कादंबरीचे संपादन आता त्याच्याकडे येते. मग एका बाडावर दोघे वाकतात.

इथून पुढची पाने मी दोनदा वाचली. चांदणे नाही, गाणे नाही. प्रेम चालले आहे ते समासातल्या टिपणांतून. हा परिच्छेद लांबला, असे तिने लिहावे, तर त्याने आधीच तिथे खूण केलेली. एखाद्या वाक्यावर दोघांनी हट्टाने भांडावे आणि शेवटी तिसरेच वाक्य सापडावे. ज्यांनी हे काम केले नाही त्यांना ही लेखिकेची कल्पना वाटेल. मी सांगते, ती तशी नाही. आमच्या वेळी मूळ हस्तलिखित एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, अशी रीत होती. महिना दोन महिने असे वाचले, की समोरचा स्वल्पविरामाला किती थांबतो, कुठल्या शब्दाला अडखळतो, कशाला मनातल्या मनात हसतो, हे सारे कळून येते. सिनेमाला चार वेळा बरोबर जाऊन कळणार नाही इतके कळते. त्या खोलीत जुळलेली दोन लग्ने मी जेवून आले आहे.

आणि पुस्तकातली खरी मेख पुढेच आहे. त्या बाडाची नायिका म्हणजे एक थंड, निष्ठुर, मासोळीच्या रक्ताची प्रतिनिधी. लेखिकेने तिला नोरावरूनच उभी केली, हे नोराला पहिल्या काही पानांतच कळते. आता स्वतःचेच हे चित्र तिने तपासायचे, सुधारायचे, चांगले खपेल असे करायचे. आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, कारण लेखिका तिचे गिऱ्हाईक! ते दुःख ज्या एका माणसाला न सांगता समजते तो चार्ली, कारण तोही तीच पाने वाचतो आहे. माणूस वाचता येणे आणि पुस्तक वाचता येणे यांत अंतर किती, हे इथे लेखिकेने एकही व्याख्यान न देता दाखविले.

संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारा, अशी पुष्कळांची समजूत असते. १९८२ साली बंद पडेपर्यंत ‘सत्यकथा’ ज्यांनी वाचली त्यांना श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही नावे सांगायला नकोत. नवख्या लेखकाची कथा परत करतानाही कुठे काय हुकले हे ते कळवीत, आणि लेखक तीच कथा पुन्हा लिहून आणी. गंमत पाहा, न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स या संस्थेत मॅक्सवेल पर्किन्स नावाचा असाच एक संपादक होता. फिट्झजेराल्ड, हेमिंग्वे, टॉमस वुल्फ हे त्याच्या हाताखालून गेले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज हिच्यामागे रानातल्या एका पोरावर लिही म्हणून त्याने लकडा लावला, तेव्हा ‘द यरलिंग’ झाली. ती १९३८ साली निघाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिचेच मराठीतले ‘पाडस’ पटवर्धनांनी केले. एका संपादकाने मागून घेतलेले पुस्तक दुसऱ्या संपादकाने, सातासमुद्रांपलीकडे, आपल्या भाषेत आणले. दोघांचे नाव वाचकाच्या ओठी लेखकाच्या नंतरच येते आणि दोघांनाही त्याचे वाईट वाटले नसावे.

आपल्याकडे पुस्तकांच्या जगातले जोडपे आठवायचे तर माझ्यापुढे मालतीबाई आणि विश्राम बेडेकर येतात. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या त्या कथा. घर त्यांच्या पगारावर चालते, म्हणून त्यांचे लग्न लांबणीवर पडते, हे कोणीतरी छापून सांगितले तेव्हा केवढा गहजब झाला! ही विभावरी कोण, यावर तर्क लढले. त्या होत्या बाळूताई खरे, पेशाने शिक्षिका. १९३८ साली त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. पुढच्याच वर्षी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आली, तीही मोट्यांकडूनच. लग्नाने मालतीबाईंची लेखणी थांबली नाही. १९५० साली त्यांची ‘बळी’ निघाली. नोरा वाचताना मला त्या ‘कळ्या’ फार आठवल्या. आईच्या मागे नोरानेच धाकट्या बहिणीला वाढविले आहे. पैशाची चणचण तिने पाहिली आहे. लोक जिला निष्ठुर म्हणतात, ती महिनाअखेरीचा हिशेब लहानपणी शिकलेली असते, एवढाच पुष्कळदा अर्थ असतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे धाकटीसाठी एक स्थळ आले. माणसे सुसंस्कृत, मुलगा चांगला. मुलाच्या आई चहा घेता घेता म्हणाल्या, ‘‘पुस्तकांचंच काम ना? ते काय, घरी बसूनही होईल. मूल मांडीवर घेऊनसुद्धा.’’ आमची कन्या शांतपणे म्हणाली, ‘‘हो काकू, तुमच्या मुलाचंही कॉम्प्युटरवरच असतं ना?’’ यानंतर पोह्यांची स्तुती तेवढी झाली. स्थळ अर्थातच पुढे सरकले नाही. रात्री मी तिला म्हटले, ‘‘इतकं तोडून बोलायला हवं होतं का?’’ ती म्हणाली, ‘‘आई, तू तीस वर्षं साडेसातची गाडी पकडलीस. तुला कोणी विचारलं होतं का, हे घरी बसून होईल का म्हणून?’’ विचारले होते. सासूबाईंनीच विचारले होते. पण ते तिला सांगितले नाही. तिने तिशी ओलांडली आहे. माझ्या डोळ्याला रात्री डोळा लागत नाही, हे कुठल्याही कादंबरीने जायचे नाही. तरी या पुस्तकानंतर एक झाले, की ‘तिला कोण पत्करील’ हे वाक्य आमच्या घरात उच्चारले जाईनासे झाले. ‘तिच्याबरोबर एका पानावर कोण वाकेल’, असे आता मी मनाशी म्हणते. प्रश्न अवघडच आहे, पण निदान अपमानाचा नाही.

पुस्तकात उणे नाही असे नाही. दोघांचे बोलणे इतके चुरचुरीत, की माणसे एवढ्या उत्तरांची पाठांतरे करून घराबाहेर पडतात काय, असे वाटते. योगायोग तर जागोजागी. शृंगाराची काही पाने अशी, की मुलीने दिलेले पुस्तक आईने वाचावे की नाही, हे मला ठरविता येईना. म्हणून वाचून टाकली. आणि ज्या कादंबरीत प्रतिनिधी आहे, संपादक आहे, लेखिका आहे, पुस्तकविक्रेते आहेत, तिच्यात मुद्रितशोधकाला धड एक प्रसंगही नसावा, ही गोष्ट मी विसरणार नाही! गावाचे चित्रही जरा साखरेत घोळलेले. शहर रुक्ष आणि गाव प्रेमळ, हे आम्हा खारघरच्या लोकांना कसे पटावे? इथे सिडकोच्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी जुनी गावठाणे अजून आहेत. भातशेती गेली ती आठवणारी माणसे तिथे आहेत. गाव कोणाच्या विश्रांतीसाठी वसलेले नसते. अर्थात लेखिकेलाही हे ठाऊक असावे, कारण गावात रमते ती लिबी. दुकान तिच्या हाती येते आणि चार्ली शहरात परततो. कोणी कोणासाठी आपले काम टाकून देत नाही. नोराला तर जे संपादनाचे काम पूर्वीपासून हवे होते ते मिळते.

शेवट सांगून टाकला म्हणून वाचकांनी रागावू नये. माझ्या हातची प्रत सध्या चौथ्या मजल्यावर आहे. तिथली मुलगी बँकेत अधिकारी आहे. तिला बढती मिळाली आहे, पण बढतीबरोबर बदलीही, आणि घरात त्यावरून आठवडाभर कोणी नीट जेवलेले नाही. पुस्तक हातात घेऊन ती दारातच म्हणाली, ‘‘काकू, शेवटी नोकरी सोडते का हो ती? सोडत असेल तर आत्ताच सांगा, मी वाचणार नाही.’’

मी म्हटले, ‘‘नाही सोडत.’’

तिने पुस्तक डब्याशेजारी पिशवीत टाकले आणि गाडीला उशीर होतो म्हणून जिना उतरू लागली.