निळी वायर आणि काचेचा फ्यूज

कर्जतच्या भिसेगावातून खोपोलीमार्गे बोरघाट फार दूर नाही. पावसाळ्यात दिवेलागणीच्या आधीच घाट धुक्यात बुडतो, आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या हेडलाइटची खरी परीक्षा तिथे होते.

एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्या आपल्याकडे मोजक्याच. तरी त्यांचं वायरिंग इथल्या जुन्या मेकॅनिकांना परकं वाटत नाही. १९६२ची स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची चासी आखूड करून तयार झाली होती, आणि हेराल्ड तर मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून भारतातच बनवली. त्याच वर्षी मद्रासच्या पाडीत ल्यूकस-टीव्हीएस सुरू झाली. ब्रिटनमध्ये या गाड्यांचे डायनमो, स्विच आणि दिवे बहुतेक ल्यूकस कंपनीचेच असत.

ल्यूकसची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वायरींचे रंग. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते, पांढरी इग्निशनची. हिरवीतला करंट इग्निशन चालू असताना फ्यूजमधून येतो, जांभळीतला कायम. लाल साइड आणि टेललाइटची, काळी अर्थची. हेडलाइटची निळी: अप्परला तिच्यावर पांढरी रेघ, डिप्परला लाल. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा नसला तरी दोष शोधता येतो. म्हणूनच मध्येच कोणीतरी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडून ठेवलेली दिसली, की जाणत्या माणसाला राग येतो. तो राग रास्त आहे.

सुरुवातीच्या एमजीबीत अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज होते, शेजारी दोन जादा ठेवलेले. हेडलाइटला फ्यूजच नव्हता! अंधाऱ्या रस्त्यावर फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाणं धोक्याचं, हे खरं. पण निळी वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तिला थांबवणारं काहीच नसतं आणि सगळं हार्नेस जळू शकतं. दोन्ही धोके टाळायचे तर डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज द्यावा. एक उडाला तरी दुसरा दिवा रस्ता दाखवतो.

फ्यूजच्या आकड्यातही एक फसगत आहे. ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, ते उडण्याचं माप. सतत पेलायचा करंट त्याच्या निम्मा, साडेसतरा. बाजारातल्या अनेक फ्यूजवर मात्र सतत पेलण्याचं माप छापलेलं असतं. ३५चा आकडा जुळवून असा फ्यूज बसवला, तर वायरचं संरक्षण निम्म्यावर येतं. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. चांदीचा कागद गुंडाळून बसवणाऱ्याने निदान एवढं लक्षात घ्यावं.

हेडलाइट मंद पडले की दोष बल्बला दिला जातो. करंटची वाट मात्र लांब आहे: तपकिरी वायर, डॅशबोर्डवरचा स्विच, डिप्परचा स्विच (काही गाड्यांत तो पायाशी, जिथे पावसाचं पाणी साचतं), पुढच्या ग्रिलमागचे बुलेट कनेक्टर, मग बल्ब आणि शेवटी अर्थ. कर्जतच्या दमट हवेत या प्रत्येक जोडावर हिरवट थर चढतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. त्यात कुणी शंभर वॉटचे हॅलोजन बसवले, तर अप्परवर दोन दिवे मिळून जवळजवळ १७ अँपिअर ओढतात, आणि त्या काळचा सी-४० डायनमो जेमतेम २२ देतो. जास्त वॉटपेक्षा रिले बरा. जाड वायरने बॅटरीचा करंट थेट दिव्यापर्यंत न्यावा, जुन्या स्विचने फक्त रिले चालवावा.

त्याआधी मात्र अर्थ तपासावी. दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बल्बच्या काळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला लावावं. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस अर्थला असतो, हे विसरू नये. मीटरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर पत्र्यावरचा रंग खरवडून, बोल्ट घासून, जोड नव्याने आवळावा, आणि मगच नव्या बल्बची खरेदी करावी.