काळजात चर्र झाले, पण पाय थांबले का?

गेल्या रमजानमधली गोष्ट. कॉलेजमधून स्कूटरवर घरी परतत होतो. मगरिबच्या अजानला पंधरा-वीस मिनिटे उरली होती. बाजाराच्या वळणावर एका हमालाच्या डोक्यावरचे पोते घसरले आणि तो रस्त्यावर पडला. कपाळातून रक्त येऊ लागले. माझ्या छातीत धडधडायला लागले, तळहातांना घाम फुटला. मला ते पाहवेना. मी मान फिरवली आणि स्कूटर पुढे काढली.

दस्तरखानावर बसलो तरी तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. अम्मीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बेटा, तुला फार वाईट वाटले, हे कळले. पण त्याला घोटभर पाणी कोणी दिले?" अजान झाली, तरी हातातला खजूर तोंडापर्यंत जाईना. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर थांबून चौकशी केली. तो भेटला नाही.

मला वाईट वाटले नव्हते असे नाही. मग मदत का झाली नाही?

दुसऱ्याचे दुःख आपल्या शरीरात उतरते, हे आपल्या भाषांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीत पोटात कालवते, आतडे तुटते, काळजात चर्र होते. उर्दूत 'हमदर्दी' म्हणजे दर्दात सोबत असणे. अरबीत 'रहमत' आणि गर्भाशयाला असलेला 'रहम' हा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी श्रद्धावंतांना एका देहाची उपमा दिली आहे. एक अवयव दुखला की सगळ्या अंगाला ताप भरतो आणि झोप उडते, असा त्या हदीसचा आशय आहे.

विज्ञानानेही याचा शोध घेतला आहे. टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली १६ जोडप्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना कधी त्या स्त्रीच्या, तर कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला विजेचा वेदनादायक झटका दिला जाई. झटका जोडीदाराला बसला, तरी स्वतःच्या वेदनेच्या वेळी जागे होणारे मेंदूतले काही भाग तिच्यातही जागे होत. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दुखते, ही नुसती बोलण्याची रीत नाही.

पण दुखले म्हणजे मदत होतेच असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला बारीक फरक दाखवून दिला. दुसऱ्याचे दुःख पाहताना काहींच्या हृदयाचे ठोके वाढतात, घाम येतो. तिथे माणूस स्वतःच्याच घालमेलीत अडकलेला असतो. काहींचे ठोके मात्र किंचित मंदावतात, कारण त्यांचे लक्ष समोरच्या माणसाकडे लागलेले असते. मदतीला पुढे होण्याचा संबंध या दुसऱ्या प्रतिसादाशी अधिक आढळला.

डॅनियल बॅट्सन यांच्या १९८१ च्या प्रयोगांत लोकांना एका तरुणीला विजेचे झटके बसताना दाखवले गेले. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हते. तिच्या जागी स्वतः झटके घेण्याची तयारी आहे का, असे त्यांना विचारण्यात आले. ज्यांना केवळ स्वतःची अस्वस्थता छळत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी निघून जाण्याची वाट मोकळी असताना तीच धरली. ज्यांच्या मनात तिच्याविषयी कळवळा होता, त्यांच्यापैकी बरेच जण वाट मोकळी असूनही तिच्यासाठी पुढे आले. हे वाचताना मला माझी स्कूटर आठवली. अस्वस्थता घालवण्याचे दोन मार्ग असतात: थांबणे किंवा मान फिरवणे.

यात घाईचाही वाटा असतो. १९७३ साली जॉन डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमधील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाला असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. त्यातल्या अनेकांना वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधील दृष्टांतावरच बोलायचे होते!

इफ्तारच्या आधीचे आपले रस्ते आठवून पाहा. दिवसभर उपाशीपोटी संयम पाळणारे आपण शेवटच्या अर्ध्या तासात हॉर्नवर हात ठेवतो. रोजा आपल्याला भुकेची ओळख करून देतो, हे खरेच. पण ती भूक स्वतःभोवतीच फिरत राहिली, तर तिची चिडचिड होते. तीच दुसऱ्याच्या भुकेकडे वळली, तर तिची रहमत होते.

म्हणूनच मला वाटते, आपल्या दीनने दानधर्म केवळ भावनेच्या भरवशावर सोडलेला नाही. ज्याच्याकडे निसाबइतकी संपत्ती वर्षभर आहे, त्याने अडीच टक्के जकात द्यायचीच. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले की नाही, हे कोणी विचारत नाही. फितरा ईदच्या नमाजपूर्वीच द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी ईद होईल. काळीज हलले तर चांगलेच. नाही हलले तरी समोरच्याचा हक्क बुडता कामा नये.

यंदा मी एकच गोष्ट बदलली आहे. कॉलेजमधून अर्धा तास आधी निघतो आणि स्कूटरच्या डिकीत पाण्याची बाटली ठेवतो. माझा रोजा असतो, पण वाटेत कोणाला तरी तहान लागलेली असू शकते. काल घरी पोहोचायला उशीर झाला, तेव्हा अम्मीने कारण विचारले नाही. तिने फक्त रिकाम्या बाटलीकडे पाहिले आणि खजुराची ताटली पुढे सरकवली.