बुडबुडे नसलेला श्वास

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की उमरी, भोकर, धर्माबादकडच्या गावांत विहिरींचा गाळ काढायची कामं निघतात. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या आडात माणूस उतरवायचा तर जाणती मंडळी आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो; तो १६ टक्क्यांच्या आसपास घसरला की ज्योत तग धरत नाही. माणूस त्याच हवेत काही काळ उभा राहतो, आणि आपलं काही बिघडतंय याचा त्याला पत्ताही लागत नाही. जीव घुसमटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी पडला तर घुसमट फारशी होत नाही, थेट शुद्ध हरपते.

पाण्यानं भरलेल्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांचा जुना वाद शरीराच्या याच खोडीपाशी येऊन थांबतो: पाठीवर साधं सिलिंडर घ्यायचं, की सोडलेला श्वास पुन्हा वापरणारा रिब्रीदर? आपल्या काळ्या बेसॉल्टात अशा मैलोन्‌मैल लांबीच्या जलगुहा होत नाहीत. त्या होतात चुनखडकात, म्हणजे फ्लोरिडात, मेक्सिकोत, स्पेनमध्ये, थायलंडमध्ये.

साध्या सिलिंडरला ‘ओपन सर्किट’ म्हणतात. हवा आत घ्यायची आणि बुडबुड्यांच्या रूपानं पाण्यात सोडून द्यायची. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागते असं धरलं तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. तीस मीटर खोलीवर दाब चौपट होतो, प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते आणि दोन तासांचा अर्धा तास होतो. शिवाय डोक्यावर दगडाचं छत असल्यानं अडचणीत वर पोहून येण्याची सोय नाही. म्हणून गुहेतले पाणबुडे तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळतात: एक हिस्सा आत जायला, एक परतायला, एक संकटासाठी राखीव. म्हणजे आत जायला उरली जेमतेम दहा मिनिटं. त्यात सोडलेल्या श्वासात १६-१७ टक्के ऑक्सिजन तसाच शिल्लक असतो. तो सगळा बुडबुड्यांतून वाया जातो.

रिब्रीदर हीच उधळपट्टी थांबवतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. रिब्रीदरच्या डब्यात तोच चुना, सोडा लाइमच्या दाण्यांच्या रूपात भरलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आणि शरीरानं वापरला तेवढाच ऑक्सिजन छोट्या सिलिंडरमधून उरलेल्या हवेत मिसळला जातो. शरीराला लागणारा ऑक्सिजन खोलीनुसार चौपट होत नाही, त्यामुळे तीन लिटरचं सिलिंडरही कित्येक तास पुरतं. मर्यादा येते ती चुन्याची. बुडबुडे नसल्यानं छताला चिकटलेला गाळही खाली पडत नाही आणि पाणी गढूळ होत नाही.

ही कल्पना आजची नाही. १८७९ मध्ये ब्रिटनमधल्या सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचं काम पाणी घुसल्यानं बंद पडलं. आतला लोखंडी दरवाजा बंद केल्याशिवाय उपसा शक्य नव्हता. अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुडा हवेची नळी ओढत निघाला, पण शेकडो फूट लांबीची नळी बोगद्यातल्या पसाऱ्यात ओढणं अशक्य झालं. शेवटी १८८० च्या नोव्हेंबरात हेन्री फ्लूसनं बनवलेलं, सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं ऑक्सिजनचं उपकरण पाठीवर घेऊन, मिट्ट अंधारात चाचपडत जाऊन त्यानं तो दरवाजा लावला.

मग वाद उरतोच कशाला? कारण दोन्ही उपकरणं बिघडतात, पण बिघाड कळण्याची रीत वेगळी आहे. साध्या सिलिंडरचा काटा खाली येताना दिसतो, रेग्युलेटर फुटला तर बुडबुड्यांचा गदारोळ होतो. रिब्रीदरमध्ये ऑक्सिजन कमी झाला तर चुना कार्बन डायऑक्साइड काढतच राहतो, म्हणून घुसमट होत नाही, आणि माणूस आडात कोसळतो तसा गपकन बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन प्रमाणाबाहेर वाढला तर झटके येतात. सारी भिस्त कालांतरानं जुन्या होणाऱ्या संवेदकांवर. कार्बन डायऑक्साइड साठला तर उलटं होतं: धाप इतकी अनावर होते की तोंडातली नळी काढून दुसरी धरणंही जमत नाही. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्सगाट या विवरात डेव्हिड शॉ हा पाणबुडा रिब्रीदर घेऊन सुमारे २७० मीटर खोलीवर, दहा वर्षांपूर्वी तिथं बुडालेल्या तरुणाचा मृतदेह वर आणायला गेला. खोलवरच्या दाट वायूत श्रम वाढले, कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि त्याचा तिथंच मृत्यू झाला.

म्हणून मला वाटतं, लांब आणि खोल गुहेत रिब्रीदर हवाच, पण त्याच्यासोबत जिथं बिघाड होईल तिथपासून गुहेच्या दारापर्यंत पुरतील इतकी साधी सिलिंडरंही हवीत. त्यांचा हिशेबही शांत श्वासाचा धरून चालणार नाही, धापेचा धरावा लागतो. वजन वाढतं म्हणून इथं काटछाट करणं मला मुळीच मान्य नाही.

२०१० मध्ये रिक स्टँटन, जॉन व्होलँथन, जेसन मॅलिन्सन आणि रेने हौबेन हे चौघे पाणबुडे स्पेनमधल्या पोझो अझुल गुहेत रिब्रीदर वापरून आठ किलोमीटरहून अधिक आत गेले होते. यांतले पहिले तिघे २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत उतरले तेव्हा त्यांच्या दोन्ही कुशींना साधी सिलिंडरं होती. बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत अडकले होते. पाणी उथळ, वाटा अरुंद, मध्ये मध्ये कोरडे टप्पे. अशा ठिकाणी अवजड, नाजूक यंत्र आपटत नेण्यापेक्षा सिलिंडरं वाटेत ठेवत जाणं शहाणपणाचं होतं. ओझं मात्र माणसांनी वाहायचं होतं. सिलिंडरं ठेवून परतताना थाई नौदलाचा माजी जवान समन कुनान ६ जुलैला बेशुद्ध पडला आणि वाचला नाही.

मुलांना भूल देऊन, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लावून, भरपूर ऑक्सिजन मिसळलेल्या सिलिंडरवर बाहेर काढलं गेलं. गढूळ पाण्यात पाणबुड्याला हातातलं मूलही दिसत नव्हतं. ते श्वास घेतंय हे त्याला कळत होतं मास्कमधून सुटणाऱ्या बुडबुड्यांवरून. ती खूण रिब्रीदरनं दिली नसती. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले.