दाहशामक औषधे आणि गर्भाचे रक्ताभिसरण

सस्तन प्राण्यांच्या गर्भाची फुप्फुसे जन्मापर्यंत श्वसनाचे काम करीत नाहीत. गर्भाला लागणारा प्राणवायू मातेच्या रक्तातून वारेच्या द्वारे मिळतो. यास्तव हृदयाच्या उजव्या निलयातून निघणारे बहुतेक रक्त फुप्फुसांकडे न जाता एका आखूड वाहिनीतून परस्पर महारोहिणीत उतरते. या वाहिनीस रोहिणी-नलिका म्हणतात. जन्मानंतर श्वास सुरू झाला, की ही नलिका आकुंचन पावते आणि मनुष्याच्या अर्भकात साधारणतः दोन-तीन दिवसांत मिटते. तोपर्यंत मात्र ती उघडी राहणे अवश्य असते.

ती उघडी ठेवण्याचे काम मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन या वर्गातील द्रव्ये करतात. ती वारेत व नलिकेच्या भित्तीत तयार होतात आणि तेथील स्नायू शिथिल ठेवतात. याच वर्गातील द्रव्ये दुखापतीच्या जागी वेदना, सूज व लाली उत्पन्न करण्यासही कारण होतात. ॲस्पिरिन व इंडोमेथॅसिन ही औषधे त्यांची निर्मितीच रोखतात, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासह त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून एक प्रश्न साहजिकच उद्भवला. मातेची वेदना शमविणारे औषध वार ओलांडून गर्भात पोहोचले, तर तेथे काय घडेल? १९७४ मध्ये गाभण उंदरांच्या माद्यांना इंडोमेथॅसिन दिले असता गर्भातील नलिका आकुंचित झालेली आढळली. मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांत पुढील हानीही दिसून आली. नलिका अरुंद झाली, की उजव्या निलयाला अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. फुप्फुसांतील रोहिण्यांवर हा दाब पडून त्यांच्या भित्ती जाड होतात. अशा अर्भकाला जन्मानंतर श्वसनास त्रास होऊ शकतो.

मातेच्या बाजूसही परिणाम होतो. गाभण सशांच्या माद्यांत या औषधाने गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनचा स्राव घटला, व त्याबरोबर गर्भाशयाचा रक्तप्रवाहही कमी झाला. तथापि सर्व प्राण्यांत हा परिणाम सारखाच असतो असे नाही. म्हणून एका जातीवरील निष्कर्ष दुसऱ्या जातीस लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

हेच ज्ञान उपचारासही उपयोगी पडले. अकाली जन्मलेल्या अर्भकांत नलिका उघडीच राहिली, तर ती इंडोमेथॅसिनने मिटविता येते, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, काही जन्मजात हृद्रोगांत नलिका उघडी असेपर्यंतच अर्भक जगू शकते. तेथे शस्त्रक्रियेपर्यंत प्रोस्टाग्लँडिन देऊन ती उघडी ठेवतात.

या औषधांनी गर्भाच्या मूत्रपिंडांचे कार्यही मंदावते. गर्भजल बव्हंशी गर्भाच्या मूत्रापासून बनत असल्यामुळे त्याचे प्रमाण घटते. म्हणून अमेरिकेतील औषध-नियामक संस्थेने २०२० मध्ये, गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यापासून पुढे अशी औषधे टाळावीत, असा इशारा दिला. विशिष्ट कारणासाठी वैद्याने दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन यास अपवाद आहे. दुकानात सहज मिळणारी वेदनाशामक गोळी गर्भवती स्त्रीने वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, त्याचे कारण हे असे आहे: ती गोळी एकाच वेळी दोन जीवांच्या रक्ताभिसरणात शिरते.