'इंटिग्रेटिव्ह': जोडणी करणार कोण?

शहरांतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर अलीकडे 'इंटिग्रेटिव्ह' हे विशेषण दिसू लागले आहे. मराठीत त्याला सर्रास 'एकात्मिक' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण तो नेमके काय सांगतो?

याचे मूळ लॅटिन 'इन्टेगेर'मध्ये आहे. 'इन' हा नकारदर्शक उपसर्ग आणि 'स्पर्श करणे' या अर्थाचा धातू मिळून अर्थ होतो अस्पर्श, म्हणून अखंड. पूर्णांकाला 'इंटिजर' आणि सचोटीला 'इंटिग्रिटी' म्हणतात, ती याच कुळातली भावंडे. यावरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ पुन्हा अखंड करणे. त्यातला 'इंटिग्रेटेड' म्हणजे जोडले गेलेले, तर 'इंटिग्रेटिव्ह' म्हणजे जोडण्याचे काम करणारे. मराठीत आपण दोन्हींना 'एकात्मिक'च म्हणतो आणि हा भेद बुजतो. दुसऱ्यासाठी मी 'समन्वयी' शब्द सुचवीन.

वैद्यकात या विशेषणाला दोन थोरली भावंडे आहेत: 'अल्टरनेटिव्ह' आणि 'कॉम्प्लिमेंटरी'. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एका केंद्राच्या नावात १९९८ साली हे दोन्ही शब्द होते. डिसेंबर २०१४ मध्ये नाव बदलले. 'अल्टरनेटिव्ह' गेला आणि 'इंटिग्रेटिव्ह' आला. मराठी शब्दयोगी अव्ययांनी तिघांतला फरक चटकन कळतो. पहिला आधुनिक उपचारांच्या 'ऐवजी', दुसरा त्यांच्या 'बरोबर', आणि तिसरा म्हणजे दोहोंचा विचारपूर्वक मेळ.

हा नुसता शब्दच्छल नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कर्करोग शरीरात दूर पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना रूढ उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली होती. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. 'ऐवजी' आणि 'बरोबर' यांत एवढे अंतर असू शकते.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ साली देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा समन्वय सुचवला होता. पुढे आयुर्वेदाच्या शिक्षणात 'शुद्ध' आणि 'मिश्र' असे दोन पक्ष बराच काळ भांडत राहिले. तो वाद वैद्याने काय शिकावे याचा होता. रुग्णाच्या घरात काय घडते, हा प्रश्न त्यात मागेच राहिला.

माझ्या आत्याकडे दोन पिशव्या असत. एकीत रक्तदाबाच्या गोळ्या आणि फाइल, दुसरीत चूर्णाच्या पुड्या आणि काढ्याची बाटली. दोन्हीकडे ती नेमाने जाई, पण एकीकडची पिशवी दुसरीकडे कधी उघडत नसे. "उगाच रागावतील," म्हणायची. डॉक्टरांनी विचारले नाही, वैद्यांनीही नाही. काय कशाबरोबर घ्यायचे, कोणत्या दिवशी काय वगळायचे, हे चौथी शिकलेली आत्या स्वतःच ठरवी. आमच्या घरातले समन्वयी वैद्यक ते एवढेच.

पाटीवर 'इंटिग्रेटिव्ह' लिहिणाऱ्याने हे काम स्वतःच्या शिरावर घेतलेले असते, निदान व्याकरण तरी तसेच सांगते. तेव्हा अशा दारात शिरताना दोन्ही पिशव्या घेऊन जाव्यात, टेबलावर रिकाम्या कराव्यात आणि विचारावे, "यांतले काय कशाबरोबर चालते?" समोरचा माणूस एकेक पुडी आणि गोळी हातात घेऊन पाहू लागला, तर ते विशेषण त्याला शोभते.