रायफलीचा आवाज आणि नळीचें तोंड

जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवच्या आयुध निर्माणींत लष्करी रायफलींचीं काडतुसें तयार होतात. ५.५६ मिलिमीटरचें असें एक काडतूस मुठींत सहज मावतें. पण तें उडालें कीं होणारा आवाज १६० डेसिबलच्या घरांत जातो. एवढ्या आवाजानें कानांतील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. म्हणून रायफलीला सायलेन्सर लावणें हा केवळ गुप्ततेचा प्रश्न नसून सैनिकाच्या श्रवणशक्तीचाहि आहे.

हा आवाज येतो कोठून? काडतुसांतील दारू जळून झालेला तप्त वायु गोळीच्या मागोमाग नळीबाहेर पडतो आणि एकदम फुलतो. खानदेशांतल्या विहिरींवर एके काळीं ऑइल इंजिनें धडधडत. त्यांचा सायलेन्सर जें काम करी, तेंच येथें करावयाचें असतें. पडद्यांनीं विभागलेल्या कप्प्यांतून वायूला फिरवावयाचें, निववावयाचें, आणि मगच बाहेर सोडावयाचें. अमेरिकेंतील हायरम पर्सी मॅक्सिम यांनीं रायफलीच्या अशा सायलेन्सरचें पेटंट १९०९ सालीं मिळविलें.

पुष्कळदां सायलेन्सर नळीच्या तोंडावरील दुसऱ्या एका साधनावर बसवितात, आणि तें साधन कोणतें यावर बरेंच अवलंबून असतें. ज्वाला लपविणारा फ्लॅश हायडर वायूला सरळ पुढें जाऊं देतो. तो झोत पहिल्याच पडद्यावर आदळतो व पडदा लौकर झिजतो. मझल ब्रेक वायूला बाजूच्या खिडक्यांतून वळवितो. उघड्यावर त्यामुळें खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, पण शेजारच्या माणसाच्या कानठळ्या बसतात. सायलेन्सरच्या आंत मात्र हाच दोष गुण ठरतो. पहिला मारा ब्रेक स्वतःवर घेतो आणि पडदा अधिक दिवस टिकतो. मध्यें कांहींच न घेतां सायलेन्सर थेट नळीच्या आट्यांवर बसविला, तर वजन वांचतें व पहिला कप्पा मोकळा राहतो. पण तापून आटे सैल झाले नाहींत ना, हें वरचेवर पाहावें लागतें.

या निवडीनें आवाजांत बहुधा थोडाच फरक पडतो, टिकाऊपणांत अधिक. सर्वांत महत्त्वाचा तो सरळपणा. जोड किंचित् तिरपा बसला, तर गोळीच पडद्याला घासते.

सायलेन्सर चांगला असला तरी आवाज सुमारें ३० डेसिबलच कमी होतो. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४० मीटर, तर गोळीचा ९०० च्या आसपास. तेव्हां हवा फाडीत जाणाऱ्या गोळीचा कडाका नळीच्या तोंडावरील कोणत्याहि साधनाला आवरत नाहीं. यास्तव सायलेन्सर लावूनहि कानांत बोळे घालणें सुटत नाहीं.